बिट लावणे ही शेवटची पायरी: कर्नलमध्ये प्रोसेसरची वैशिष्ट्ये कोणत्या क्रमाने चालू करावीत?

कोल्हापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शिवाजी उद्यमनगरातील एका कारखान्यात पंपांच्या चाचणीच्या वेळी कंपनांची नोंद घेण्यासाठी त्यांनी स्वतःचा छोटा ६४-बिट कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहिला आहे. कारखान्यातील यंत्रात तिसऱ्या पिढीचा, चार कोअरचा इंटेल प्रोसेसर आहे. एव्हीएक्स, म्हणजे एकाच वेळी अनेक आकड्यांवर गणित करणाऱ्या सूचना, उपलब्ध असल्याचे सीपीयूआयडी ही प्रोसेसरची ओळख देणारी सूचना सांगते, पण एव्हीएक्सची सूचना चालवली की ‘इनव्हॅलिड ऑपकोड’ येतो. नियंत्रण रजिस्टरातील बिट लावल्यावर सूचना चालू लागल्या, परंतु आलेखातील आकडे अधूनमधून बिघडू लागले. डेटाच्या पानांवर एनएक्स, म्हणजे सूचना चालवण्याची मनाई, लावल्यापासून दुसरा कोअर सुरू होतानाच यंत्र रीसेट होते. स्मेप आणि स्मॅप ही, कर्नलला वापरकर्त्याच्या मेमरीपासून दूर ठेवणारी, संरक्षणे एकाच ओळीत चालू केली, तर कारखान्यातील यंत्रावर जनरल प्रोटेक्शन फॉल्ट येतो आणि नव्या लॅपटॉपवर पहिल्याच सिस्टिम कॉलला कर्नल गोठतो. ही वैशिष्ट्ये कोणत्या क्रमाने आणि कर्नलमध्ये नेमकी कोठे चालू करावीत, असे त्यांनी विचारले आहे.

या चार तक्रारी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी त्यांचे मूळ एक आहे. वैशिष्ट्याचे बिट लावणे ही तुम्ही कामाची सुरुवात धरली आहे, प्रत्यक्षात ती शेवटची पायरी असते. नियंत्रण रजिस्टरातील प्रत्येक बिट म्हणजे कर्नलने प्रोसेसरला दिलेली हमी असते: या वैशिष्ट्यामुळे जी नवी अवस्था निर्माण होईल ती मी जतन करीन, जे नवे नियम लागू होतील ते मी स्वतःही पाळीन, आणि हे सर्व प्रत्येक कोअरवर सारखेच असेल. पंचगंगेकाठच्या शेतात पाट आणि सऱ्या बांधून झाल्याशिवाय कोणी उपशाची मोटार चालू करीत नाही, तसेच हे आहे. हमी पाळण्याची व्यवस्था आधी, बिट नंतर.

पहिल्या तक्रारीपासून सुरुवात करू. सीपीयूआयडीच्या लीफ १ मध्ये (लीफ म्हणजे माहितीचा क्रमांकित गट) ईसीएक्स रजिस्टराचे २८ वे बिट एव्हीएक्सचे आहे. ते फक्त एवढेच सांगते की सिलिकॉनमध्ये ही सोय आहे. ऑपरेटिंग सिस्टिम तयार आहे की नाही, याचा त्या बिटाशी काहीही संबंध नाही. तयारीची खूण त्याच्या शेजारी, २७ व्या बिटात असते. त्याला ओएसएक्ससेव्ह म्हणतात, आणि ते सीआर४ या नियंत्रण रजिस्टरातील १८ व्या बिटाचे केवळ प्रतिबिंब असते. कर्नलने सीआर४ मध्ये ते लावले की सीपीयूआयडीत ते दिसू लागते. म्हणूनच नीट लिहिलेला प्रोग्रॅम आधी २७ वे बिट पाहतो, मग एक्सजेटबीव्ही सूचनेने एक्ससीआर०, म्हणजे कोणत्या अवस्था चालू आहेत ते सांगणारे रजिस्टर, वाचून त्यातील एसएसई (एव्हीएक्सच्या आधीचा सूचनासंच) आणि एव्हीएक्स ही दोन्ही बिटे लागलेली आहेत का ते तपासतो, आणि त्यानंतरच एव्हीएक्सच्या वाटेने जातो. २०११ साली सँडी ब्रिज प्रोसेसर आले तेव्हा सर्व्हिस पॅक १ नसलेल्या विंडोज ७ वर नेमकी तुमचीच स्थिती होती. सीपीयूआयडीत एव्हीएक्स दिसत असे, पण सूचना चालत नसे, कारण त्या कर्नलने हमी दिलेलीच नव्हती.

आता क्रम. सीआर० मधील ईएम बिट काढावे आणि एमपी लावावे. मग सीआर४ मध्ये ९ वे आणि १० वे बिट, म्हणजे ओएसएफएक्सएसआर आणि ओएसएक्सएमएमएक्ससेप्ट, लावावे. यानंतर एसएसई चालू लागते. पुढे सीपीयूआयडीत एक्ससेव्ह आहे याची खात्री करून सीआर४ चे १८ वे बिट लावावे. त्याच्या आधी एक्ससेटबीव्ही चालवली तर तीच ‘इनव्हॅलिड ऑपकोड’ देते. शेवटी एक्ससेटबीव्हीने एक्ससीआर० मध्ये बिट ०, १ आणि २ एकत्र लिहावीत, म्हणजे ७ ही संख्या. बिट ० हे जुन्या एक्स८७ गणित-एककाचे असून ते कधीही शून्य करता येत नाही, आणि एसएसईचे बिट न लावता एव्हीएक्सचे लावले तर जनरल प्रोटेक्शन फॉल्ट येतो. याच टप्प्यावर पुष्कळ जण, सूचना चालली म्हणजे झाले, असे मानून पुढे जातात. तुमची दुसरी तक्रार तेथूनच सुरू होते.

तुम्ही दिलेल्या नोंदीत बिघडलेल्या ओळी पाहिल्या. आठ आकड्यांच्या प्रत्येक बिघडलेल्या गटात पहिले चार आकडे कंपनाचे, म्हणजे एकपेक्षा कमी आहेत, आणि पुढचे चार तीनशे-चारशेच्या घरातले आहेत. कंपनांची नोंद एवढी मोठी असू शकत नाही. ते आकडे आलेख काढणाऱ्या टास्कमधील पडद्याच्या बिंदूंचे आहेत. वायएमएम रजिस्टर २५६ बिटांचे असते आणि त्यात सिंगल प्रिसिजनचे आठ आकडे मावतात. खालचे १२८ बिट म्हणजेच जुने एक्सएमएम रजिस्टर. तुमचा कॉन्टेक्स्ट स्विच, म्हणजे टास्क बदलणारा भाग, अजून एफएक्ससेव्हने अवस्था जतन करतो, आणि त्या सूचनेच्या ५१२ बाइटांत फक्त खालचा अर्धा भाग मावतो. वरचे चार आकडे टास्क बदलला तरी रजिस्टरात तसेच राहतात आणि पुढच्या टास्कच्या हाती पडतात. बिघाड अधूनमधूनच दिसतो, कारण दोन्ही टास्क एकाच कोअरवर आणि नेमक्या गणिताच्या मध्येच बदलले गेले तरच तो प्रकट होतो.

उपाय म्हणून एफएक्ससेव्हच्या जागी एक्ससेव्ह आणि एक्सआरस्टॉर घालणे ओघानेच येते, पण तसे करताना तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिले ठिकाण आकाराचे. जतन करण्याच्या जागेचा आकार सीपीयूआयडीच्या लीफ १३ मधून घ्यायचा असतो, आणि तेथील ईबीएक्सचे उत्तर त्या क्षणी एक्ससीआर० मध्ये काय लागलेले आहे यावर अवलंबून असते. रीसेटनंतर ते ५७६ असते, म्हणजे ५१२ बाइटांचा जुना भाग आणि ६४ बाइटांचे शीर्षक. एव्हीएक्स लावल्यावर तेच ८३२ होते. एक्ससेटबीव्हीच्या आधी आकार वाचून जागा राखली, तर प्रत्येक टास्क बदलताना २५६ बाइट शेजारच्या वस्तूवर लिहिले जातात. शेजारी टास्कचाच पुढचा रकाना असेल, तर कर्नल कोठे कोसळेल याचा नेम राहत नाही. म्हणून आकार नेहमी एक्ससेटबीव्हीनंतर वाचावा, किंवा ईसीएक्समधील कमाल आकार वापरावा. दुसरे ठिकाण म्हणजे ती जागा ६४ बाइटांच्या सीमेवरच असावी लागते, अन्यथा फॉल्ट येतो; एफएक्ससेव्हला १६ ची सीमा पुरत असे, त्यामुळे तुमचा जुना अॅलोकेटर तसाच वापरता येणार नाही. तिसरे ठिकाण सर्वांत फसवे आहे: एक्ससेव्ह शीर्षकातील राखीव बाइटांना हात लावीत नाही, पण एक्सआरस्टॉरला ते शून्यच हवे असतात. जागा घेतल्यावर ती शून्यांनी भरली नसेल, तर जतन सुरळीत होते आणि परत भरताना फॉल्ट येतो. शोधणारा मात्र जतन करण्याच्या कोडमध्येच चूक शोधत बसतो.

नव्या टास्कला पहिल्यांदा चालवण्यापूर्वी कोरी अवस्था द्यावी, म्हणजे आधीच्या टास्कचे आकडे त्याला दिसणार नाहीत. त्यात एमएक्ससीएसआर या एसएसईच्या नियंत्रण रजिस्टराचे मूल्य षोडशमानातील १एफ८० ठेवावे. शून्य ठेवले तर सर्व गणिती अपवाद उघडे राहतात आणि शून्याने भागताच टास्क कोसळतो.

येथे एक सल्ला आग्रहाने देतो. सीआर० चे टीएस बिट लावून, पहिली गणिती सूचना आल्यावरच अवस्था बदलायची, ही आळशी पद्धत जुन्या पाठ्यक्रमांत शिकवली जाते. ती आता वापरू नये. लिनक्सने २०१६ मध्येच सर्व प्रोसेसरांवर प्रत्येक वेळी अवस्था बदलण्याची पद्धत स्वीकारली, आणि २०१८ मध्ये उघड झालेल्या एका त्रुटीमुळे आळशी पद्धतीत एका प्रक्रियेची रजिस्टरे दुसरीला अप्रत्यक्षपणे वाचता येतात हेही दिसून आले. त्यातच आजचे कंपायलर साध्या मेमरी-कॉपीसाठीही एसएसई वापरतात, त्यामुळे बहुतेक टास्क त्या रजिस्टरांना हात लावतातच आणि आळसातून काही वाचतही नाही.

याच कारणासाठी तुमचा कर्नल कोणते पर्याय देऊन कंपाइल केला आहे, तेही तपासा. एसएसई आणि एमएमएक्स बंद करणारे पर्याय किंवा ‘जनरल रेग्ज ओन्ली’ हा पर्याय दिला नसेल, तर कंपायलर इंटरप्ट हाताळणाऱ्या फंक्शनमध्येही एखादी रचना कॉपी करायला एक्सएमएम रजिस्टर वापरून मोकळा होतो. त्या वेळी कोणत्यातरी टास्कचे गणित तेथे अर्धवट असते. रेड झोन, म्हणजे स्टॅकच्या टोकाखालची कंपायलर परस्पर वापरतो ती जागा, तीही बंद असली पाहिजे. कर्नलमध्ये खरोखरच व्हेक्टर सूचना हव्या असतील, तर लिनक्समध्ये ‘कर्नल एफपीयू बिगिन’ आणि ‘एंड’ अशी कुंपण घालणारी जोडी असते, तशी तुमचीही असावी. तिच्या आत टास्क बदलू देऊ नये.

एव्हीएक्सपुरते हे प्रकरण सोपे आहे, पुढे ते जड होत जाते. एएमएक्स या मॅट्रिक्स-गणिताच्या सोयीतील टाइल रजिस्टरांचीच अवस्था ८,१९२ बाइटांची आहे, आणि सिग्नल हाताळताना हे सर्व वापरकर्त्याच्या स्टॅकवर ठेवायचे असते, तर जुने प्रोग्रॅम २,०४८ बाइटांचा पर्यायी स्टॅक घेऊन बसलेले असतात. म्हणून लिनक्सने ५.१६ पासून एएमएक्स सरसकट न देता, प्रक्रियेने कर्नलकडे मागितले तरच देण्याची पद्धत ठेवली. प्रोसेसरमध्ये आहे आणि कर्नलला ते सांभाळताही येते, तरीही ते प्रत्येकाला आपोआप द्यावेच असे नाही, हा निर्णयही कर्नलचाच असतो.

तिसरी तक्रार एनएक्सची. पेज टेबलच्या नोंदीतील ६३ वे बिट हे ‘या पानावरून सूचना चालवू नका’ असे सांगते, पण त्याला हा अर्थ ईएफईआर या रजिस्टराचे ११ वे बिट, म्हणजे एनएक्सई, लागलेले असेल तरच मिळतो. ते लागलेले नसेल तर ६३ वे बिट राखीव मानले जाते आणि त्या पानाला हात लावताच पेज फॉल्ट येतो. तुमच्या पहिल्या कोअरवर हे बिट बूटलोडरने बहुधा आधीच लावून दिले आहे, त्यामुळे तेथे अडचण आली नाही. दुसरा कोअर मात्र रिअल मोडमध्ये, एक मेगाबाइटच्या खालच्या ट्रॅम्पोलिनमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या कोडमध्ये, जागा होतो, आणि तेथे तुम्ही ईएफईआरमध्ये फक्त एलएमई, म्हणजे ६४-बिट मोडचे बिट, लिहिले आहे. तो कर्नलची तयार पेज टेबले घेतो, कोडचे पान एनएक्स नसल्यामुळे पुढच्या काही सूचना व्यवस्थित चालतात, आणि पहिला कॉल परतीचा पत्ता स्टॅकवर लिहायला जातो तेव्हा स्टॅकच्या पानावरील ६३ वे बिट आडवे येते. त्या कोअरवर आयडीटी, म्हणजे अपवाद हाताळणाऱ्या फंक्शनांची यादी, अजून भरलेली नसते, म्हणून फॉल्टचा डबल फॉल्ट आणि डबलचा ट्रिपल होऊन यंत्र रीसेट होते. उपाय एका ओळीचा आहे: ट्रॅम्पोलिनमध्ये एलएमई लिहितानाच, सीपीयूआयडीत एनएक्स असल्यास, एनएक्सईही लिहावे. पडताळणीसाठी क्यूईएमयू या यंत्राचे अनुकरण करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये इंटरप्टची नोंद चालू करून पाहा. पेज फॉल्टच्या एरर कोडमध्ये ३ रे बिट लागलेले दिसेल, आणि राखीव बिटाच्या फॉल्टची तीच खूण आहे.

शिरोली, गोकुळ शिरगाव या वसाहतींत जुनी यंत्रे अजून कामावर आहेत, त्यामुळे तुमचा कर्नल उद्या दुसऱ्या एखाद्या यंत्रावर गेला तर बायोसमध्ये एनएक्स बंद करून ठेवलेले आढळू शकते. इंटेलच्या प्रोसेसरवर ही बंदी एका एमएसआरच्या, म्हणजे प्रोसेसरच्या खास रजिस्टराच्या, ३४ व्या बिटात असते. लिनक्स अगदी सुरुवातीच्या असेंब्लीतच ते बिट काढून मग सीपीयूआयडी पुन्हा वाचतो. तुम्हीही तसे करू शकता.

चौथी तक्रार म्हणजे प्रत्यक्षात दोन तक्रारी आहेत. सीआर४ मध्ये २० वे बिट स्मेपचे आणि २१ वे स्मॅपचे. स्मेप आयव्ही ब्रिजपासून, म्हणजे तुमच्या तिसऱ्या पिढीपासून आहे, तर स्मॅप २०१४ च्या ब्रॉडवेलपासून आले. कारखान्यातील यंत्राला २१ वे बिट ठाऊकच नाही, आणि सीआर४ मध्ये राखीव बिट लिहिले की जनरल प्रोटेक्शन फॉल्ट ठरलेलाच आहे. सीपीयूआयडीच्या लीफ ७ मध्ये ईबीएक्सचे ७ वे आणि २० वे बिट स्वतंत्रपणे पाहून प्रत्येक वैशिष्ट्य वेगळे लावावे. लीफ ७ वाचताना ईसीएक्स शून्य करायला विसरू नये, आणि लीफ ० कमाल लीफ किती सांगते तेही आधी पाहावे. कमाल मर्यादेच्या पलीकडचे लीफ विचारले तर इंटेलचे प्रोसेसर दुसऱ्याच लीफचे उत्तर देतात, आणि ते खरे वाटते.

स्मेप लावल्यावर कर्नलला वापरकर्त्याच्या पानावरून सूचना चालवता येत नाही. कामचलाऊ म्हणून सर्व पानांवर यूझर बिट लावून ठेवलेला कर्नल बिट लावल्यानंतरच्या पुढच्याच सूचनेला पडतो. तुमच्या जुन्या यंत्रावर स्मेप वेगळे लावून पाहा. तसे झाले तर दोष पेज टेबलांत आहे.

स्मॅपचे काम जास्त आहे. ते लावल्यावर कर्नलला वापरकर्त्याचा डेटाही सरळ वाचता किंवा लिहिता येत नाही. जेथे खरोखर गरज आहे तेथे स्टॅक या नावाच्या सूचनेने, हिचा स्टॅक मेमरीशी संबंध नाही, एसी फ्लॅग लावून दार उघडायचे, कॉपी करायची आणि क्लॅक सूचनेने ते लगेच बंद करायचे. तुमचा ‘राइट’ सिस्टिम कॉल वापरकर्त्याच्या बफरवर सरळ पॉइंटर फिरवतो, म्हणून पहिल्याच कॉलला फॉल्ट येतो. पण कर्नल कोसळण्याऐवजी गोठतो, यामागे आणखी एक गोष्ट आहे. तुमचा पेज फॉल्ट हाताळणारा भाग पत्ता पाहतो, तो टास्कच्या हद्दीत आहे, पान हजर आहे, तेव्हा दुरुस्त करण्यासारखे काही नाही असे समजून परततो. प्रोसेसर तीच सूचना पुन्हा चालवतो आणि पुन्हा तोच फॉल्ट येतो. हजर पान, कर्नल मोड, वापरकर्त्याचा पत्ता आणि एसी फ्लॅग उतरलेला, ही चौकडी जमली की तो कर्नलमधील दोष आहे असे समजून नोंद छापून थांबावे.

म्हणून स्मॅप लावण्यापूर्वी वापरकर्त्याच्या मेमरीला हात लावणाऱ्या सर्व जागा दोन-तीन कॉपी फंक्शनांच्या मागे आणाव्यात. त्याशिवाय आत येण्याच्या वाटाही बंद कराव्या लागतात. एसी हा फ्लॅग वापरकर्त्यालाही लावता येतो, आणि इंटरप्ट येताना प्रोसेसर तो आपोआप उतरवत नाही. त्यामुळे इंटरप्ट आणि अपवादांच्या प्रत्येक प्रवेशद्वारावर क्लॅक हवी, आणि सिस्टिम कॉलसाठी एफमास्क, म्हणजे कॉलच्या वेळी उतरवायच्या फ्लॅगांच्या, रजिस्टरात १८ वे बिट हवे. हे केले नाही तर स्मॅप चालू असल्याचे दिसत राहते, पण वापरकर्त्याने एसी लावून कॉल केला की ते संरक्षण नसल्यासारखेच. जुन्या प्रोसेसरवर क्लॅक ही अज्ञात सूचना ठरते. लिनक्समध्ये त्या जागी आधी तीन बाइटांची रिकामी सूचना ठेवलेली असते आणि स्मॅप असल्यास बूटच्या वेळी ती बदलली जाते. तुमच्यासाठी सुरुवातीला एक शाखा पुरेशी आहे.

प्रवेशद्वारांच्या तयारीशिवाय बिट लावल्यास काय होते, याचे एफएसजीएसबेस इतके बोलके उदाहरण दुसरे नाही. आयव्ही ब्रिजमध्ये २०१२ साली आलेल्या या सोयीमुळे वापरकर्त्याला एफएस आणि जीएस या सेगमेंट रजिस्टरांचे मूळ पत्ते सिस्टिम कॉल न करता बदलता येतात. सीआर४ चे १६ वे बिट लावले की झाले, इतके ते सोपे दिसते, पण लिनक्समध्ये ते ५.९ आवृत्तीत, म्हणजे २०२० मध्ये आले. त्या आधी कर्नलच्या एनएमआय (न रोखता येणारा इंटरप्ट) यासारख्या नाजूक प्रवेशद्वारांवर जीएसच्या पत्त्याचे चिन्ह पाहून, तो ऋण असेल तर कर्नलचा, नाहीतर वापरकर्त्याचा, असा निष्कर्ष काढला जात असे. वापरकर्त्याला हवा तो पत्ता लिहिता येऊ लागल्यावर हा निष्कर्ष धोक्याचा झाला: वापरकर्त्याने ऋण पत्ता लिहून ठेवला, तर कर्नल त्यालाच आपला प्रति-कोअर डेटा समजणार. मधल्या काळात मुख्य कर्नलबाहेरच्या काही मोड्यूलांनी ते बिट परस्पर लावले, आणि ज्या यंत्रांवर ती मोड्यूले होती तेथे कोणत्याही साध्या वापरकर्त्याला रूटचे अधिकार मिळवण्याची वाट उघडी झाली. तुमचा कर्नलही जीएस वापरत असेल तर हे बिट सध्या लावू नका; मोजमापाच्या कामाला त्याचा काही उपयोग नाही.

आता ‘कोठे’ याविषयी. माझ्या मते कर्नलमध्ये यासाठी दोन वेगळी फंक्शने असावीत. पहिले फक्त बूट कोअरवर आणि एकदाच चालेल. ते सीपीयूआयडी वाचील, त्यातून ज्यांची तयारी कर्नलमध्ये खरोखर आहे तीच वैशिष्ट्ये निवडील, कमांड लाइनवर कोणी एखादे बंद करायला सांगितले असेल तर ते वगळील, आणि अंतिम यादी एका जागी गोठवील. लिनक्समध्ये क्लिअरसीपीयूआयडी हा पर्याय याच वगळण्यासाठी आहे. दुसरे फंक्शन प्रत्येक कोअरवर, बूट कोअरसकट, चालेल, आणि त्या यादीप्रमाणे सीआर०, सीआर४, ईएफईआर, एफमास्क व एक्ससीआर० भरील. ही सर्व रजिस्टरे प्रत्येक कोअरची स्वतंत्र असतात, ही गोष्ट नजरेआड झाली की एका कोअरवर चाललेला टास्क दुसऱ्यावर जाताच पडतो. यंत्र झोपवून उठवण्याची सोय तुम्ही पुढे केली, तर उठल्यावरही हेच दुसरे फंक्शन चालवावे. उरलेल्या कोडने सीपीयूआयडीला पुन्हा विचारू नये. गोठवलेली यादी हेच एकमेव उत्तर.

दुसऱ्या फंक्शनने आपल्या कोअरवर यादीतील सर्व काही आहे का तेही तपासावे आणि नसेल तर तो कोअर कामावर घेऊ नये. एकाच प्रोसेसरमध्ये असा फरक कसा असेल, असे वाटेल. पण २०२१ च्या आल्डर लेकमध्ये मोठ्या कोअरांत एव्हीएक्स-५१२ होते आणि छोट्या कोअरांत नव्हते, आणि इंटेलने अखेर ते बंदच केले. एआरएमच्या मोबाइलमध्ये तर मोठे-छोटे कोअर नेहमीचेच आहेत, म्हणून लिनक्सचा एआरएम६४ भाग सर्व कोअरांचे ओळख रजिस्टर वाचून त्यांतील सामाईक तेवढेच जाहीर करतो. तुम्ही पुढे रास्पबेरी पायवर जाणार असाल, तर तेथे सीपीएसीआर या नियंत्रण रजिस्टरातील २० आणि २१ ही बिटे लावून नंतर आयएसबी ही सूचना द्यावी लागते. रजिस्टरे आणि सूचना तेथे वेगळ्या आहेत, पण हमी आधी आणि बिट नंतर हे तत्त्व तेच आहे.

प्रोसेसरने ‘आहे’ म्हटलेले कधीकधी लावू नये, असेही असते. पीसीआयडी, म्हणजे टीएलबीतील (पत्त्यांच्या भाषांतराच्या कॅशेतील) नोंदींना प्रक्रियेचा क्रमांक जोडण्याची सोय, हे त्याचे उदाहरण आहे. सीआर४ चे १७ वे बिट लाँग मोडमध्ये आणि सीआर३ चे खालचे बारा बिट शून्य असतानाच लावता येते, हा झाला नियम. पण आल्डर लेक आणि रॅप्टर लेकच्या काही प्रोसेसरांवर पीसीआयडी चालू असताना आयएनव्हीएलपीजी सूचना ग्लोबल नोंदी टीएलबीतून काढीत नाही असे आढळले, आणि २०२३ मध्ये लिनक्सने तेथे पीसीआयडी वापरणे बंद केले. मायक्रोकोडनेही, म्हणजे प्रोसेसरमधील बदलता येणाऱ्या अंतर्गत कोडनेही, उत्तर बदलते: हॅसवेलमधील टीएसएक्स या मेमरी-व्यवहारांच्या सोयीत दोष सापडल्यावर २०१४ मध्ये मायक्रोकोडने ती सोय काढून घेण्यात आली, आणि ज्या यंत्रांवर हा मायक्रोकोड चालू स्थितीत भरला गेला तेथे आधीच टीएसएक्सची वाट धरलेले प्रोग्रॅम अज्ञात सूचनेने पडले. म्हणून मायक्रोकोड भरायचाच असेल तर तो यादी गोठवण्याच्या आधी भरावा.

संरक्षणाची बिटे एकदा लावली की ती कोणालाही काढता येऊ नयेत, याचीही काळजी घ्यावी. सीआर४ लिहिणारे सर्वसाधारण फंक्शन कर्नलमध्ये असले की हल्लेखोर त्यालाच हवे ते मूल्य देऊन बोलावतो. लिनक्सविरुद्ध हे २०१७ मध्ये प्रत्यक्ष झाले. ५.३ पासून ते फंक्शन लिहून झाल्यावर स्मेप, स्मॅप आणि यूएमआयपी (वापरकर्त्याला काही प्रणाली-सूचना नाकारणारे) ही बिटे अजून जागेवर आहेत का ते पाहते आणि नसल्यास परत लावते.

चाचणीबाबत एवढेच सांगतो की ‘बूट झाला’ ही चाचणी नव्हे. प्रत्येक वैशिष्ट्यासाठी नियम मुद्दाम मोडून पाहावा. स्मेपसाठी कर्नलमधून वापरकर्त्याच्या पानावर उडी मारावी आणि एरर कोडमध्ये ० वे व ४ थे बिट लागलेला पेज फॉल्ट येतो का पाहावे. स्मॅपसाठी वापरकर्त्याचा एक बाइट दार न उघडता वाचावा, आणि तीच चाचणी टास्कने आधी एसी फ्लॅग लावून पुन्हा करावी. दुसऱ्या वेळी फॉल्ट आला नाही तर कोणत्यातरी प्रवेशद्वारावर क्लॅक राहिली आहे. एव्हीएक्ससाठी कोअरांच्या दुपटीइतके टास्क घ्यावेत, प्रत्येकाने सोळाही वायएमएम रजिस्टरांत स्वतःचा क्रमांक भरावा, थोडा वेळ फिरत राहावे आणि मग सर्व आठही जागा तपासाव्यात. टाइमरचा वेग या वेळी वाढवून ठेवावा. क्यूईएमयूचे सॉफ्टवेअर अनुकरण वापरत असाल तर ७.२ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्यावी, कारण त्याआधी त्यात एव्हीएक्स नव्हते, आणि प्रोसेसरचा प्रकार ‘मॅक्स’ द्यावा. केव्हीएम, म्हणजे खऱ्या प्रोसेसरवरच चालणारे आभासी यंत्र, असल्यास ‘होस्ट’ द्यावा.

कारखान्यातील यंत्रासाठी सध्या ट्रॅम्पोलिनमधील एनएक्सई आणि एक्ससेव्हकडे स्थलांतर ही दोनच कामे तातडीची आहेत. ती होईपर्यंत एक्ससीआर० मध्ये ७ ऐवजी ३ लिहावे आणि कंपनांचे गणित एसएसईने करावे. वेग थोडा कमी होईल, पण नोंदी विश्वासार्ह राहतील. याआधी एव्हीएक्सने घेतलेल्या नोंदींत तुम्हाला दिसल्या त्याहून जास्त ओळी बिघडलेल्या असू शकतात, कारण उसना आकडा योगायोगाने कंपनाच्या पल्ल्यात असेल तर तो डोळ्यांना दिसत नाही. त्या चाचण्या पंपांवर पुन्हा घ्याव्यात, असे कारखान्याला कळवा.